काचेच्या पेटीतली मय्यत

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या मुलांना घेऊन हैदराबादला गेलो होतो. आम्हा नांदेडकरांना हैदराबाद परकं नाही. निम्मं गणगोत तिकडंच. चारमिनार झाला, गोवळकोंडा झाला, सालारजंग म्युझियममधलं घड्याळ वाजताना पाहून झालं. शेवटच्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, ‘ममी’ बघायची. सिनेमांमुळे त्यांच्या डोक्यात ममी म्हणजे पट्ट्या गुंडाळलेलं, अंगावर धावून येणारं भूत. म्हणून पब्लिक गार्डनमधल्या राज्य वस्तुसंग्रहालयात गेलो.

काचेच्या पेटीत ती होती. लहानखुरी, गुंडाळलेली, गप्प. नाव नैशू. मोठा भाचा दोन मिनिटांत कंटाळून पुढं गेला. आठ वर्षांची भाची मात्र काचेला नाक लावून उभी राहिली. मग माझा शर्ट ओढून हळूच म्हणाली, “मामू, इनको दफन क्यूं नई करे?”

मी काहीतरी सांगितलं. ती फार जुनी आहे, दोन हजार वर्षांहून जुनी, लांबच्या देशातली आहे वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नानी को तो उसी दिन करे थे ना.”

तिची नानी म्हणजे माझी अम्मी. मागच्या वर्षी सकाळी गेली आणि असरच्या नमाजनंतर आम्ही तिला मातीच्या हवाली केलं. त्या दिवसातलं एक दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. अंगणात चादरींचा आडोसा केला होता, आत मोहल्ल्यातल्या चार बायका अम्मीला गुस्ल देत होत्या आणि मी बाहेर उभा होतो. सख्खा मुलगा असून मला आत प्रवेश नव्हता. आत असलेल्या बायकांनाही तिचा देह उघडा बघायचा नव्हता. अंगावर चादर ठेवून, हाताला कापड गुंडाळून, चादरीखालूनच पाणी घालायचं. जिवंतपणी जिचा पदर कधी ढळला नाही, तिची लाज मेल्यावरही राखायची, एवढा साधा त्यामागचा विचार.

आणि इथं एक बाई काचेत ठेवलेली आणि तिकीट काढून आलेला मी तिला बघत उभा. भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून तेच शोधतोय.

ती इथं आली कशी?

नैशू ही इजिप्तचा राजा सहावा टॉलेमी याची मुलगी असं सांगतात. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी १९२० च्या सुमारास ही ममी एक हजार पौंडांना विकत घेतली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना दिली आणि १९३० मध्ये ती संग्रहालयात आली. अलीकडं तिची अवस्था बिघडू लागली, तेव्हा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जतनतज्ज्ञांनी तिला प्राणवायू नसलेल्या बंद पेटीत ठेवण्याचं काम केलं. देह टिकावा म्हणून माणसं किती झटतात, हे यातून दिसतं. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही.

भारतात ती एकटी नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये, लखनौला, बडोद्याला आणि जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्येही ममी आहेत. जयपूरच्या ममीचं नाव तुतू. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसाचं पाणी अल्बर्ट हॉलच्या तळघरात शिरलं, पुष्कळ फायली आणि वस्तू भिजल्या. तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून तुतूला उचललं आणि सुरक्षित जागी नेलं. पूर आलेल्या घरातून म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यावं तसं. ती बातमी वाचताना मला वाटलं होतं, त्या घाईच्या क्षणी तरी तुतू वस्तू नव्हती.

बाकी इतिहास मात्र वस्तू समजूनच वागल्याचा आहे. ‘ममी’ हा शब्दच बघा. आपल्या जुन्या हकिमांच्या तोंडी ‘मोमियाई’ असायची. मूळ फारसी-अरबीतला हा शब्द डांबरासारख्या खनिज औषधाचा. इजिप्तच्या थडग्यांतल्या देहांवरचा काळा थर बघून लोकांना तो तसलाच पदार्थ वाटला आणि औषधाचं नाव देहाला चिकटलं. मग देहच औषध म्हणून विकले जाऊ लागले. युरोपातल्या औषधांच्या दुकानांत शतकानुशतकं ममीची पूड मिळत होती. पुढं चित्रकारांसाठी तिचा तपकिरी रंगही तयार झाला. १८३० च्या दशकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू नावाचा शल्यचिकित्सक तिकीट लावून लोकांसमोर ममींच्या पट्ट्या सोडवायचा. खुद्द इजिप्तमध्ये १ जून १८८६ रोजी खेदिव्ह तौफीक यांच्यासमोर दुसऱ्या रामसेसच्या पट्ट्या सोडवल्या गेल्या. पाव तासात काम आटोपलं.

याच रामसेसची आणखी एक गोष्ट आहे. लुटारूंपासून वाचवण्यासाठी प्राचीन पुजाऱ्यांनी त्याच्यासह अनेक राजांचे देह लक्सरजवळच्या डोंगरातल्या एका गुप्त जागी लपवले होते. १८८१ मध्ये ते सापडले आणि बोटीतून नाईलमार्गे कैरोला न्यायचं ठरलं. बोट जाऊ लागली तेव्हा काठावरच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत बोटीबरोबर धावल्या, पुरुषांनी बंदुकांचे बार काढले. तिथं जनाजा निघाला की असंच करायची रीत होती. त्या बायका अडाणी होत्या, मुसलमान होत्या, फेरोनच्या धर्माशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. तरी बोटीतून मय्यत चालली आहे, हे त्यांना कळलं. बोटीवरच्या शिकलेल्यांच्या लेखी ते संग्रहालयाचं सामान होतं.

कब्रस्तानातल्या चाचांची रीत

आमच्या कब्रस्तानात जागा कमी आणि मय्यती जास्त. जुन्या कबरींच्या जागीच नव्या खोदाव्या लागतात. अब्बांच्या वेळी मी खोदताना उभा होतो. कमरेइतकं खोदल्यावर कबर खोदणाऱ्या चाचांचा हात थांबला. मातीत हाडं दिसली. चाचांनी कुदळ बाजूला ठेवली, खाली बसून हातानं माती सारली, एकेक हाड उचलून कापडावर ठेवलं. कापडाची घडी घातली. त्याच कबरीच्या कोपऱ्यात छोटा खळगा करून ते गाठोडं आत ठेवलं, वर माती लोटली आणि मग पुढचं खोदकाम सुरू केलं. मी विचारलं, कुणाची असतील? चाचा म्हणाले, “अल्लाह को मालूम. अपना काम ढांकना है.”

चाचा शाळेत गेलेले नाहीत. हाडं कुणाची, किती जुनी, पुरुषाची की बाईची, यातलं काहीही न विचारता ती झाकायची, एवढं त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडं शिकवणच तशी आहे. मृताच्या हाडाला धक्का लावणं जिवंताला इजा करण्यासारखंच समजावं, असं हदीस सांगते. युद्धातसुद्धा शत्रूच्या प्रेताची विटंबना करायला मनाई आहे. कुणी म्हणेल, हा मान मोमिनांपुरता आहे. त्यासाठी दुसरी हदीस आठवावी. एका ज्यू माणसाची अंत्ययात्रा जात होती, पैगंबर उठून उभे राहिले. तो आपल्यातला नव्हता, असं सोबतच्यांनी लक्षात आणून दिलं, तेव्हा तोही एक जीव होताच ना, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. उठून उभं राहायला धर्माचा दाखला लागला नाही. काळाचा तरी कशाला लागावा? माणूस मेल्यावर नेमक्या कितव्या वर्षी वस्तू होतो?

फेरोनच्या नावानं

आता आपल्याच घरातल्या अडचणीकडं येतो. ममींचा विषय निघाला की आपल्या लोकांना एकच गोष्ट आठवते. कैरोतला रामसेसचा देह म्हणजे मूसा अलैहिस्सलाम यांच्या काळचा फिरऔन, कुरआननं सांगितल्याप्रमाणे त्याचा देह वाचवला गेला आणि जगासाठी निशाणी म्हणून काचेत ठेवला गेला. त्याचा व्हिडिओ दर दोन-चार महिन्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. १९७६ मध्ये उपचारांसाठी ही ममी पॅरिसला नेली होती, देहात मीठ सापडलं, म्हणजे तो समुद्रात बुडाला होता, असंही त्यात असतं. खाली ‘सुब्हानल्लाह’ आणि ‘शेअर करा’.

सूरह यूनुसमधल्या त्या आयतीवर माझा ईमान आहे. पण ती आयत आणि कैरोतली काचपेटी यांची गाठ आपण मारली आहे. जुन्या मुफस्सिरांनी तिचा अर्थ सरळ सांगितला होता. बनी इस्राईलला फिरऔन बुडाल्याची खात्री पटेना, म्हणून समुद्रानं त्याचा देह त्यांच्यासमोर किनाऱ्यावर टाकला. तो फिरऔन म्हणजे कोणता राजा, हे कुरआन सांगत नाही आणि इतिहासकारांचंही त्यावर एकमत नाही. रामसेस नव्वदीच्या घरात पोचून, दातांच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांनी जर्जर होऊन मेला. मिठाचं म्हणाल, तर इजिप्तमध्ये देह सुकवण्यासाठी नॅट्रॉन नावाचा क्षारच वापरत. मीठ प्रत्येक ममीत सापडणारच.

समजा, तो फिरऔनच आहे. मग त्याच्याशी कसं वागायचं? याचंही उत्तर आपल्याकडं आहे. तबूकच्या मोहिमेवर जाताना पैगंबरांचा काफिला अल-हिज्र इथून गेला. समूद या शिक्षा झालेल्या कौमची घरं तिथं डोंगरात कोरलेली. तिथं जायचंच तर रडत जा, नाहीतर जाऊ नका, असं त्यांनी सोबत्यांना बजावलं. स्वतः डोकं झाकून घेतलं आणि वेगानं पुढं निघून गेले. अल्लाहच्या कोपाच्या जागीसुद्धा तमाशा बघायची परवानगी नाही. निशाणी बघून मान खाली जायला हवी. आपण तिच्याबरोबर सेल्फी काढतो आणि आपल्या धर्माचा विजय झाला म्हणून पुढं पाठवतो. शेवटी त्यात फिरऔनपेक्षा आपलीच मिजास जास्त दिसते.

खुद्द इजिप्तचा प्रवासही बघण्यासारखा आहे. राजांच्या देहांचं असं प्रदर्शन बरं नाही, अशी भूमिका घेऊन राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी १९८० मध्ये कैरो म्युझियममधलं शाही ममींचं दालन बंद करायला लावलं. १९९४ मध्ये ते नव्यानं उघडलं. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममींची मिरवणूक निघाली आणि तोफांच्या सलामीत त्यांना फुस्तातच्या नव्या संग्रहालयात नेलं गेलं. फुस्तात म्हणजे अम्र इब्न अल-आस यांनी वसवलेली इजिप्तची पहिली मुस्लिम राजधानी. तिथल्या दालनात आता थडग्यासारखा अंधार आहे आणि फोटो काढायला बंदी आहे. चेहरे मात्र अजूनही उघडे आहेत. पर्यटनाचा पैसा आणि मृताचा अदब यांच्यातली ती तडजोड आहे. मला ती अपुरी वाटते, पण काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं आहे, हेही खरं.

मग विज्ञानाचं काय?

एवढं लिहिलं की एक ठरलेला आक्षेप येतो. तुम्ही मुसलमान लोक विज्ञानाच्या आड येता. हाडं तपासली नाहीत तर इतिहास कळणार कसा?

त्यांना मी अब्दुल लतीफ अल-बगदादी यांची ओळख करून देतो. बगदादचे हे हकीम बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधीकाळात इजिप्तमध्ये होते. त्या वेळी तिथं भीषण दुष्काळ पडला. कैरोजवळ अल-मक्स इथं हाडांचा डोंगर साचला होता. खालचा जबडा दोन हाडांचा बनलेला असतो, असं गॅलेननं लिहून ठेवलं होतं आणि हजार वर्षं सगळे वैद्य तेच घोकत होते. अल-बगदादी आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. जबडा एकाच हाडाचा निघाला. ग्रंथापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा, असं त्यांनी निर्भीडपणे लिहिलं. याच अल-बगदादींनी थडग्यांतून काढून विकल्या जाणाऱ्या मोमियाईचीही नोंद करून ठेवली आहे.

म्हणून माझा अभ्यासाला विरोध नाही. आज सीटी स्कॅन करून पट्टी न सोडवता आतलं सगळं दिसतं. डीएनएसाठी हाडाचा चिमूटभर भाग पुरतो. अभ्यास करणं आणि मांडून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरनं माझ्या आईला तपासणं वेगळं आणि दवाखान्याच्या दर्शनी काचेत तिला ठेवणं वेगळं. वैद्यकीय महाविद्यालयात देहदान होतं, तिथं देणाऱ्याची संमती असते, आणि तिथलं शवविच्छेदनाचं दालन काही सहलीसाठी खुलं नसतं. नैशूची संमती कुणी घेतली होती?

ज्यांना वारस आहेत आणि ज्यांना नाहीत

जिथं वारस शिल्लक आहेत, तिथं लढाई निदान सुरू तरी झाली आहे. फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या अल्जेरियन योद्ध्यांच्या कवट्या दीडशेहून अधिक वर्षं पॅरिसच्या संग्रहालयात होत्या. त्यांत १८४९ मध्ये झआत्शाच्या वेढ्यात लढलेल्या शेख बूझियान यांचंही शिर होतं. जुलै २०२० मध्ये २४ कवट्या अल्जेरियाला परत मिळाल्या आणि ५ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, अल्जिअर्समध्ये त्यांचं दफन झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात एका नागा पूर्वजाची कवटी विक्रीला निघाली होती. नागालँडमधून आवाज उठला आणि ती लिलावातून काढावी लागली.

आपला आलम बेग मात्र अजून तसाच आहे. १८५७ च्या उठावासाठी सियालकोटला तोफेच्या तोंडी दिलेला हा हवालदार. त्याची कवटी एका इंग्रज अधिकाऱ्यानं बक्षीस म्हणून घरी नेली. १९६३ मध्ये ती इंग्लंडमधल्या एका दारूच्या गुत्त्यात सापडली, डोळ्याच्या खोबणीत त्याची हकीकत लिहिलेला कागद खुपसलेला. त्या कागदामुळं त्याचं नाव तरी उरलं. इतिहासकार किम वॅग्नर यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला मायदेशी माती मिळावी, अशी इच्छा व्यक्त केली.

नैशूसाठी असा आवाज कोण उठवणार? तिची भाषा मेली, तिचा धर्म मेला, तिचं राज्य गेलं. ती पूर्ण लावारिस आहे.

लावारिस मय्यतीचं काय करायचं, हे आपल्याकडं चौदाशे वर्षांपूर्वीच ठरलं आहे. ती सगळ्या वस्तीची जबाबदारी होते, फर्ज-ए-किफाया. कुणी एकानं केलं तर सगळे सुटतात, कुणीच नाही केलं तर सगळे गुन्हेगार.

पण म्हणजे नैशूला कफन घालून, जनाजाची नमाज पढून पुरायचं का? नाही. इथं मला अयोध्येच्या मोहम्मद शरीफ यांची वाट बरोबर वाटते. सायकल दुरुस्त करणारा हा माणूस. मुलाचा खून झाला आणि मृतदेह बेवारस समजून त्याची विल्हेवाट लावली गेली. बापाला शेवटचं तोंडही दिसलं नाही. त्यानंतर शरीफ चाचांनी अनेक वर्षं बेवारस प्रेतांना निरोप देण्यात घालवली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा नियम असा की मुसलमान असेल तर दफन, हिंदू असेल तर दहन. मेलेल्याला त्याच्या स्वतःच्या रीतीनं पोचवायचं, पोचवणाऱ्याच्या नाही.

तोच नियम नैशूला लावून बघू. तिच्या लोकांची रीत काय होती? देह गुंडाळलेला राहावा, पेटीचं झाकण बंद असावं, जागा अंधारी आणि शांत असावी. आणि नाव घेतलं जावं. नाव पुसलं गेलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो, अशी त्यांची समजूत होती. थडग्यांच्या भिंतींवर ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनंती कोरून ठेवत, की जाताना आमचं नाव घ्या, आमच्यासाठी दोन शब्दांची प्रार्थना म्हणा. आपल्या कबरींवरच्या दगडांवर फातिहाची विनंती असते, अगदी तीच ही. तीन-चार हजार वर्षांचं अंतर आहे, पण मागणं एकच.

यावर काही जण म्हणतात, नाव राहावं अशीच त्यांची इच्छा होती, तर संग्रहालयात रोज शेकडो लोक त्यांचं नाव वाचतात, बरंच आहे की. यात तथ्य आहे. पण नाव वाचण्यासाठी देह उघडा लागत नाही. नाव पाटीवर मावतं.

२००८ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर म्युझियमनं तीन ममी पांढऱ्या कापडानं झाकल्या होत्या. पैसे देऊन, लांबून येऊन काही दिसत नाही, म्हणून लोकांनी तक्रारी केल्या आणि कापड काढावं लागलं. ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तीच आहे. लोकांना बघायचं असतं. मलाही बघायचं होतंच की. मी मुलांच्या हट्टाचं नाव सांगतोय, पण तिकिटाच्या रांगेत मीच उभा होतो. म्हणूनच हे प्रेक्षकांवर सोडून चालत नाही, संग्रहालयांनी ठरवावं लागतं. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता सांगतेच, की मानवी अवशेष ज्या समाजाचे, त्या समाजाच्या श्रद्धांना धरून मान राखून मांडावेत. ज्या समाजाचा एकही माणूस उरला नाही, त्याच्या श्रद्धा काही संपत नाहीत. त्या त्याच्या थडग्यांवर लिहिलेल्या आहेत, वाचता येतात.

आपल्या मातीतले

हा परदेशी प्रश्न आहे, असं कुणी समजू नये. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथं ताम्रपाषाण युगातलं गाव उजेडात आणलं. तिथली माणसं मेलेल्या तान्ह्या मुलांना दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली पुरत. तीन हजार वर्षांपूर्वी याच मातीत कुणी आईनं लेकराला घराबाहेर जाऊ दिलं नाही. या उत्खननामुळं आपल्याला आपल्या शेतकरी पूर्वजांची ओळख झाली. अन्सारीसाहेबांसारख्यांनी ते काम केलं, याचा मला अभिमान आहे. पण अशा मडक्याकडं बघताना ते आधी बाळाचं आहे आणि मग पुरावा आहे, हा क्रम सुटू नये.

गुजरातमध्ये वडनगरला २०१९ मध्ये मांडी घालून बसलेल्या स्थितीतला हजारेक वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. तो कुठं ठेवायचा, हे ठरेना, म्हणून अनेक वर्षं ताडपत्रीच्या आडोशाला पडून होता. २०२५ मध्ये त्याला संग्रहालयात जागा मिळाली. दोष कुणा एका बाबूचा नाही. आपला १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा नाणी, मूर्ती, हस्तलिखितं डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेला आहे. माणूस सापडला तर काय करायचं, हे वेगळं लिहिण्याची वेळ आली आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पेटीचं झाकण बंद करा. बाहेर तिचं नाव, तिची गोष्ट आणि ती इथं किती पैशांना, कशी आली, हे मराठी-हिंदी-तेलुगू-उर्दूत खरं खरं लिहा. आतलं दाखवायचं तर स्कॅनची चित्रं दाखवा, चेहऱ्याची प्रतिकृती बनवा. ज्या अल-हिज्रमधून पैगंबर मान झाकून गेले, तिथंच २०२३ मध्ये सौदी अरेबियानं हिनात नावाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती स्त्रीचा चेहरा तिच्या सांगाड्याच्या आधारे घडवून लोकांसमोर ठेवला. हाडं न मांडताही ती भेटते. ज्यांना खरंच देहापाशी जायचं आहे, त्यांच्यासाठी बाजूला छोटी खोली असू द्या. फोटो नको, गोंगाट नको, आणि आत जायच्या आधी पाटी असू द्या की इथं एक माणूस आहे. इजिप्तनं कधी परत मागितलं, तर घासाघीस न करता पाठवून द्या.

परतीच्या रेल्वेत भाचीनं पुन्हा विचारलं, मग तिचं आता काय करायचं? दफन तर करता येत नाही. मी म्हणालो, तू तिचं नाव लक्षात ठेव. ती म्हणाली, नाव तर पाठ झालं. मग खिडकीकडं तोंड करून, नानीच्या कबरीवर शिकली होती तसे, दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटली. काय पढलीस, असं मी विचारलं नाही. बरोबर की चूक, हा हिशेब मौलानासाहेबांनी करावा. मला एवढंच कळलं, की लावारिस मय्यतीला त्या संध्याकाळी एक वारस मिळाला होता.